मधल्या एका मिलिमीटरची गोष्ट

जुन्या स्टुडिओच्या कपाटात फिल्मचा कॅमेरा बंद पडलेला असतो, पण त्याची लेन्स बहुधा धडधाकट असते. ती डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल का, हे तिच्या वयावर ठरत नाही. ठरतं ते लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यातल्या अंतरावर, आणि ते अंतर लांबवलं आरशानं.

एसएलआरमध्ये लेन्समागे तिरका आरसा असतो. फोटो काढताना तो वर उचलला जातो, म्हणून त्याला हलायला जागा सोडावीच लागते. 1949 मध्ये ड्रेस्डेनच्या काँटॅक्स एस कॅमेऱ्यानं 42 मिलिमीटर व्यासाची आट्यांची बैठक आणली. तिथे हे अंतर 45.46 मिलिमीटर. पुढे प्रॅक्टिका, पेंटॅक्स आणि रशियन झेनिटनंही तीच वापरली. निकॉननं 1959 मध्ये आटे सोडून खटक्यानं बसणारी बैठक काढली आणि अंतर ठेवलं 46.5. कॅनननं 1987 मध्ये ऑटोफोकससाठी आपली 42 मिलिमीटर अंतराची बैठक मोडीत काढून 44 ची आणली, तेव्हा जुन्या लेन्सवाल्यांची पंचाईत झाली.

कारण नियम कडक आहे. जास्त अंतराची लेन्स कमी अंतराच्या बॉडीवर बसते. फरकाएवढ्या जाडीची अडॅप्टर रिंग मध्ये घातली की झालं. उलटं जमत नाही. निकॉनच्या डीएसएलआरवर साध्या रिंगनं झेनिटची 58 मिलिमीटरची हेलिओस लावा आणि मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहा. लेन्स हवी त्यापेक्षा मिलिमीटरभर पुढे राहते. शेजारी जाळं दुरुस्त करणाऱ्याच्या बोटांतला दोरा पिळासकट स्वच्छ येतो. दोनतीन मीटरपलीकडे मात्र सगळं धूसर. समोरचा सिंधुदुर्ग किल्ला काही केल्या फोकस होत नाही.

आरसाच गेला आणि हा तिढा सुटला. सोनीच्या 2010 च्या मिररलेस बैठकीत अंतर उरलं 18 मिलिमीटर. 2018 मध्ये निकॉननं 16 आणि कॅनननं 20 ठेवलं. आता कुठल्याही जुन्या एसएलआर लेन्सच्या रिंगला ऐसपैस जागा आहे. फोकस आणि ॲपर्चर हातानं फिरवावं लागतं, एवढंच. दशावतारी नाटकात रात्रीच्या उजेडाला एफ 1.8 ची जुनी पन्नास मिलिमीटर उत्तम पुरते. धावत्या पात्रामागे न लागता रंगमंचावरच्या बाकड्यावर फोकस लावून ठेवायचा आणि राजा येऊन बसला की बटण दाबायचं.

बाकीच्या सामानाचं मात्र तपासून घ्यावं. समुद्राच्या पाण्यावरची चकाकी मारणारा जुना लिनिअर पोलरायझर डीएसएलआरच्या ऑटोफोकसला गोंधळात टाकतो, मिररलेसवर बिनघोर चालतो. जुन्या फ्लॅशचं काम नाजूक: काहींच्या टोकांवर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि त्यानं डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं.

किनाऱ्यावर जुन्या लेन्सचा खरा वैरी वेगळाच, तो म्हणजे फंगस. पावसाळ्यातल्या दमटपणात चामड्याच्या केसमध्ये बुरशी वाढते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि कोटिंग खातात. म्हणून विकत घेताना ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारून पाहावं आणि घरी आणल्यावर केस फेकून लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी. रिंग काही शे रुपयांत मिळते. खाल्लेलं कोटिंग परत येत नाही.