चढ सांगतो तो इतिहास : रावेर ते अशीरगड

प्रवासाला वाहने पुष्कळ आहेत. पण इतिहास वाचण्यासाठी सायकलीसारखे दुसरे वाहन नाही, असे माझे ठाम मत आहे. आगगाडी गावाला बगल देऊन जाते, मोटार गावावरून निघून जाते, आणि पायी निघालेल्याचा दिवस पहिल्या दोन गावांतच मावळतो. सायकलस्वाराला मात्र गाव दिसते, गावाचा पार दिसतो, पारावरच्या म्हाताऱ्याचा राम राम घेता येतो. आणि मुख्य म्हणजे रस्त्याचा चढ-उतार त्याच्या पायांना कळतो. राजधान्या कोठे वसल्या, किल्ले कोठे बांधले, पाणी कोणीकडून आले, लढाया कोठे अडल्या, या सर्व प्रश्नांची निम्मी उत्तरे जमिनीच्या चढ-उतारात असतात.

इटली देशात सायकलीवरून रमत-गमत हिंडण्याची मोठी हौस आहे. तस्कनी आणि उंब्रिया या प्रांतांत एकेका टेकडीच्या माथ्यावर एकेक मध्ययुगीन नगर बसलेले आहे. सकाळी द्राक्षांच्या मळ्यांतून निघावे, दुपारी एखादा चढ चढून जुन्या वेशीतून आत शिरावे आणि संध्याकाळी चौकातल्या कारंज्याशी बसावे, असा तिकडचा परिपाठ. त्या सहलींची चित्रे पाहून आपले लोक उसासे टाकतात. सायकलीवरून दूरचा पल्ला गाठणे आपल्याला नवे आहे असेही नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परत आले. आपले बेत एवढे मोठे नसले तरी चालतील. रावेरकराला द्राक्षांच्या ऐवजी केळीचे मळे आहेत, टेकडीवरच्या नगराच्या ऐवजी अशीरगड आहे, आणि चौकातल्या कारंज्याच्या ऐवजी बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आहे. हे सारे दोन-तीन दिवसांच्या सायकलीच्या टप्प्यात!

गेल्या वर्षी देवदिवाळी झाल्यावर, थंडीला नुकती धार येत असताना, मी आणि माझे एक स्नेही असे दोघे निघालो. स्नेही भूगोलाचे शिक्षक. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. सायकली साध्या, काळ्या, जड. कॅरिअरला एकेक वळकटी, आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि भाजलेले शेंगदाणे.

प्रथम आमच्या गावाविषयी एक खुलासा केला पाहिजे. बाहेरगावी रावेरचे नाव सांगितले की जाणते लोक हात जोडून म्हणतात, "म्हणजे थोरल्या बाजीरावांची समाधी आहे ते!" ते आमचे रावेर नव्हे. पहिल्या बाजीरावाने २८ एप्रिल १७४० रोजी देह ठेवला तो नर्मदाकाठच्या रावेरखेडीला. आमचे रावेर तापीच्या खोऱ्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. बाजीराव नसले तरी आमच्या गावाला इतिहास आहे, आणि तो गावातून जाणाऱ्या रस्त्याचा आहे.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर म्हणून जो रस्ता आज चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा जातो, तो जवळजवळ त्या जुन्या वाटेनेच जातो, जिने सुरतेचा माल आग्र्याला जात असे. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या वाटेने गेला. त्याने मुक्कामांची जी यादी दिली आहे, तीत नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा यांच्यामागोमाग रावेरचे नाव येते. १६५६ साली निकोलाव मनुची हा व्हेनिसचा अठरा वर्षांचा पोरगा सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे गेला. मिशीही धड न फुटलेला तो इटालियन मुलगा या खोऱ्यातून जात असेल तेव्हा त्यालाही आपल्या देशातल्या डोंगरी गावांची आठवण झाली असेल काय, असा विचार पायडल मारता मारता माझ्या मनात आला. गुरुजींना विचारले, तर ते म्हणाले, "अहो, त्या बिचाऱ्याला आधी उन्हाची आठवण झाली असेल!"

रावेर सोडले की डावीकडे सातपुडा सतत सोबतीला असतो आणि उजवीकडे, दिसत नसली तरी, तापी. रस्ता या दोहोंच्या मधून जातो. सरळ गेले तर पायांना फारसा त्रास नाही. पण डावीकडच्या एखाद्या शेतरस्त्याला वळा, म्हणजे सायकल एकदम जड होते. डोळ्यांना जमीन सपाट दिसते, पाय मात्र सांगतात की ही डोंगराकडे चढते आहे. गुरुजींनी तेथे सायकल थांबवून मला एका ओढ्याच्या काठाची दरड दाखवली. माती थोडी, आणि खाली गोटे, वाळू, पुन्हा गोटे. लक्षावधी वर्षे सातपुड्यातून वाहून आलेला हा भराव पायथ्याशी पट्ट्यासारखा पसरला आहे. भूगर्भशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून धावत आलेले पावसाचे पाणी या गोट्यांत शिरते आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे उतरते. रावेर-यावलची केळी जी जगली, ती या दडलेल्या पाण्यावर. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

रावेरहून बऱ्हाणपूर सुमारे तीस किलोमीटर. वाटेत महाराष्ट्राची हद्द संपते आणि मध्य प्रदेशाची पाटी लागते. पण केळी तीच, माती तीच, आणि चहाच्या टपरीवरची भाषाही पाटी पाहून लगेच बदलत नाही.

बऱ्हाणपूर हे खानदेशाचे जुने राजनगर. फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा थाळनेरला होता; तो १३९९ साली वारला. त्याचा मुलगा नसीरखान याने अशीरगड घेतला आणि तापीच्या काठी, खुलदाबादचे सत्पुरुष बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने, हे शहर वसवले. पलीकडच्या तीरावरचे जैनाबाद हे दुसरे सत्पुरुष जैनुद्दीन यांच्या नावाचे. शहराची जामा मशीद राजा अलीखान फारुकीने बांधली. तिथला एक लेख प्रत्येक खानदेशी माणसाने पाहावा असा आहे. अरबी लेखाबरोबर तेथे संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे, आणि काळ दिला आहे तो विक्रम संवत १६४६, शके १५११. मशिदीच्या भिंतीवर शालिवाहन शक! गुरुजी बराच वेळ त्या अक्षरांसमोर उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "राज्य करायचे तर लोकांचे पंचांग ठाऊक असावे लागते."

या शहराने मरणेही मोठमोठी पाहिली. शाहजहानची बेगम मुमताजमहल १७ जून १६३१ रोजी येथे बाळंतपणात वारली. तिला आधी जैनाबादच्या बागेत पुरले आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेले. ताजमहाल पाहायला सारे जग जाते. त्या कथेचे पहिले पान तापीच्या काठी पडले आहे, तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली येथेच वारले. त्यांची छत्री तापी आणि मोहना यांच्या संगमाशी आहे. पुढे १६८१ च्या आरंभी, संभाजी महाराजांच्या राज्यारोहणानंतर लगेच, मराठी फौजांनी हंबीरराव मोहित्यांच्या हाताखाली येऊन बहादूरपुऱ्याची पेठ लुटली. जेथे सुरतेचा माल विसावतो तेथेच लुटारूला लूट आणि राजाला जकात सापडते, हा जुना नियम. आज शहरात यंत्रमागांचा खडखडाट आहे, आणि संध्याकाळी मावा जिलेबीच्या कढईभोवती गर्दी. दिवसभर सायकल मारलेल्या माणसाला त्या जिलेबीचा इतिहास विचारण्याइतके भान राहत नाही.

दुसऱ्या दिवशी कुंडी भंडारा पाहिला. अकबराच्या दरबारचा अब्दुल रहीम खानखानान, ज्याला आपण हिंदी दोह्यांचा कवी म्हणून ओळखतो, तो दक्षिणेचा सुभेदार असताना १६१५ च्या सुमारास हे काम झाले. फौजफाटा, हत्ती-घोडे, कारखाने यांनी भरलेल्या शहराला पाणी हवे होते. नदी काठाशी असली तरी वेढा पडला म्हणजे नदी शत्रूच्या हातात जाते. तिच्यात विष कालवले तर? म्हणून पाणी डोंगराकडून, जमिनीखालून आणायचे ठरले. सातपुड्याच्या पायथ्याशी, त्याच गोट्यांच्या भरावात, विहिरींसारख्या शंभराहून अधिक कुंड्या ओळीने खणल्या आणि तळाशी त्यांना बोगद्याने जोडले. काही ठिकाणी खोली पंचवीस मीटरच्या घरात जाते. ना मोट, ना रहाट, ना पंप. बोगद्याला शहराकडे अगदी बेताचा उतार दिलेला; डोंगरातून झिरपलेले पाणी आपल्याच वजनाने वाहत शहरात येते. इराणातली ही जुनी विद्या. पाळण्यासारख्या लिफ्टमधून खाली उतरलो, तर गुडघ्याएवढे नितळ पाणी आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. वर उन्हाचा एक वाटोळा रुपया दिसत होता.

आणि गंमत पाहा! याच खानखानानाशी झुंजणारा मलिक अंबर त्याच काळात आपल्या खडकी शहरासाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादेसाठी, अशाच भुयारी नहरी खणवीत होता. रणांगणात एकमेकांचे वैरी, पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेचे विद्यार्थी. तिकडे इटलीत सिएना हे टेकडीवरचे नगर. तेथे नदी नाही. तेथल्या लोकांनी मध्ययुगात सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीचे भुयारी पाट खणले आणि झिरपलेले पाणी शहराच्या चौकापर्यंत आणले. शिवपिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखे थेंबथेंब पाणी जमवणारी ही कामे कोणत्याही विजयस्तंभापेक्षा मला थोर वाटतात.

तिसऱ्या दिवशी अशीरगड. बऱ्हाणपुराहून उत्तरेस वीस-बावीस किलोमीटर. खांडव्याचा रस्ता सातपुड्याच्या खिंडीत शिरतो आणि पाय बोलू लागतात. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणाऱ्याला हीच सोयीची वाट, आणि तिच्या उशाशी पायथ्यापासून अडीचशे मीटर उंचीचा हा किल्ला. 'दक्षिणेचा दरवाजा' हे त्याचे नाव पुस्तकात वाचून समजते, पण खरे पटते ते सायकल हातात धरून ढकलताना! आसा अहीर नावाच्या गवळी राजाचा हा गड. नसीरखानाने बायकामुलांच्या डोल्या म्हणून आत सैनिक पाठवले आणि दग्याने तो घेतला, अशी फिरिश्त्याने सांगितलेली कथा आहे. अकबराने १६०० साली वेढा घातला तेव्हा साऱ्या हिंदुस्थानची दौलत पाठीशी असूनही त्याला कित्येक महिने तिष्ठावे लागले. आत रोगराई झाली, फितुरी झाली, आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. फत्तेपूर शिक्रीच्या बुलंद दरवाजावरील लेखात या विजयाचा उल्लेख आहे. दानियाल शहाजाद्याच्या नावावरून खानदेशाचे 'दानदेश' केल्याचेही तेथे दिसते. ते नाव टिकले नाही. जनतेच्या जिभेवर बादशहाचे फर्मान चालत नाही.

मराठ्यांना अशीरगड आणि बऱ्हाणपूर १७६० साली उदगीरच्या विजयाने मिळाले. आणि त्याच वर्षी सदाशिवरावभाऊंची फौज बऱ्हाणपूरवरून पानिपताकडे गेली. माथ्यावर उभे राहून खालची खिंड पाहताना ते सारे डोळ्यांसमोर येते : हत्ती, तोफा, बाजारबुणगे, यात्रेकरू, गेले किती आणि परतले किती! अठ्ठावन्न वर्षांनी, ३ जून १८१८ रोजी, दुसरा बाजीराव याच परिसरात माल्कमच्या स्वाधीन झाला. तरी गड झुकला नव्हता. शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने तो लढवला, आणि ९ एप्रिल १८१९ रोजी तो इंग्रजांनी घेतला. शनिवारवाड्यावर निशाण चढले म्हणजे मराठेशाही संपली असे आपण शाळेत शिकतो; तिच्या शेवटच्या तोफा आमच्या खानदेशच्या उंबरठ्यावर वाजल्या, हे कोणी सांगत नाही.

सांगणार तरी कोण? बऱ्हाणपूर १८६० पर्यंत शिंद्यांकडे होते. मग इंग्रजांच्या निमाड जिल्ह्यात गेले. खानदेशाचेही १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. २००३ साली बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात स्वतंत्र जिल्हा झाले. कारभाराच्या सोयीसाठी रेघा ओढाव्याच लागतात. पण झाले असे की खानदेशाचा इतिहास लिहिणाऱ्याला खानदेशाची राजधानी परराज्यातली वाटू लागली, आणि आमच्या मुलांच्या सहली दूरदूर जातात, तीस किलोमीटरवरच्या या शहरात जात नाहीत.

इतिहासाचे विस्मरण परवडेल एक वेळ. पाण्याचे परवडणार नाही. इटलीच्या ऑर्व्हिएतो नगरात सोळाव्या शतकात पोपने त्रेपन्न मीटर खोल विहीर खणवली, ती वेढ्याच्या भीतीने. अशीरगडावर तळी आहेत, तीही त्याच भीतीने. आज आमच्या रावेर-यावलच्या पट्ट्याला वेढा घालणारा शत्रू बाहेरचा नाही. ज्या विहिरींवर आजोबांची मोट चाले त्या कोरड्या पडल्या, आणि बोअर शेकडो फूट खाली गेले तरी ओल लागत नाही. कुंडी भंडारा आणि आमची केळी एकाच डोंगराचे, एकाच गोट्यांच्या भरावाचे पाणी पितात. फरक एवढाच की कुंडी भंडारा उतारावरून आपण होऊन येईल तेवढेच घेतो. त्याला त्याहून जास्त ओढण्याची सोयच नाही. म्हणून चारशे वर्षांनीही त्यात पाणी आहे.

तेव्हा या दिवाळीनंतर, फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नसताना, खानदेशी वाचकांनी मुलांना घेऊन निघावे. सायकल नसेल तर शेजाऱ्याची मागून घ्यावी. मशिदीवरचा संस्कृत लेख त्यांना वाचायला लावावा, कुंडीत उतरवून त्या पाण्यात हात बुडवू द्यावा, आणि परतताना, केळीच्या मळ्यांमधून रावेरकडे येताना, एकदा डावी-उजवी बाजू सांभाळून डोंगराच्या दिशेने सायकल वळवू द्यावी. जमीन कोणीकडे चढते आणि पाणी कोणीकडून येते, हे त्यांच्या पायांना एकदा कळले, की ते सहसा विसरत नाहीत.