दहा तास आणि दहा सेकंद

रात्री ९:४० (उरले १० तास)
ठाण्याहून भाचा आलाय. नवी सायकल, पुढेमागे डिस्क ब्रेक. पहाटे सिंहगडाचा घाट चढायचा बेत आहे. सायकल डिकीत मावेना म्हणून तो पुढचं चाक काढतो. डाव्या बाजूची लिव्हर उघडली, उजवीकडचा नट चार-पाच फेरे सैल केला की चाक हातात. पाना लागत नाही. याला क्विक रिलीज म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळतं.

पहाटे ५:५० (उरला १ तास ५० मिनिटं)
डोणज्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. अजून अंधार आहे. भाचा मागच्या चाकाची हवा बघतोय. "तू तुझं आवर, हे चाक मी बसवतो," मी म्हणतो. मोबाईलच्या उजेडात चाकाचा आस पुढच्या चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, खाचांत बसतो. मी लिव्हर मिटवतो, ती बोटानेच मिटते. मग तीच धरून गोल गोल फिरवतो, हाताला घट्ट लागेपर्यंत. लिव्हरवर 'क्लोज' हा शब्द स्पष्ट दिसतोय. मी निर्धास्त होतो.

पुढचं सगळं या अर्ध्या मिनिटात ठरलं. लिव्हर फिरवून चाक आवळायचं नसतं. तिच्या मुळाशी एक कॅम असतो. लिव्हर मिटताना तो आसातून आरपार गेलेली सळई खेचतो आणि चिमट्याची दोन्ही टोकं आसावर आवळली जातात. त्यासाठी समोरचा नट आधी बेताने घट्ट करावा लागतो. लिव्हर अर्ध्या वाटेवर आली की तिने विरोध करायला हवा, तिथून पुढे तळहाताने रेटावी लागायला हवी. तळव्यावर तिचा वळ उमटला तर समजायचं की चाक बसलं. नुसतं फिरवून आलेला घट्टपणा याच्या पासंगालाही पुरत नाही.

इटलीतल्या तुल्यो काम्पान्योलो या शर्यतपटूची गोष्ट सायकलवाले आवर्जून सांगतात. नोव्हेंबर १९२७, क्रोचे दाउनेची खिंड, सगळीकडे बर्फ. गारठलेल्या बोटांनी मागच्या चाकाचे विंग नट, म्हणजे बोटांनी फिरवायचे पंखवाले नट, सुटेनात आणि शर्यत हातची गेली. त्या दिवसातूनच क्विक रिलीजची कल्पना निघाली, असं सांगतात. विंग नटापासून सुटका व्हावी म्हणून जे यंत्र आलं, त्याचा मी पुन्हा विंग नट करून टाकला होता.

६:०५ (उरला १ तास ३५ मिनिटं)
भाचा चढू लागतो, मी गाडीने मागे. सायकल सुरळीत चालते, आणि फसगत इथेच होते. चिमट्याच्या खाचा खाली तोंड करून असतात. स्वाराचं वजन चिमट्याला आसावर दाबून धरतं, त्यामुळे सैल चाकही जागचं हलत नाही. चढावर वेग नसतो, ब्रेकही लागत नाही. मात्र खडी आणि खड्ड्यांचा प्रत्येक हादरा नट थोडाथोडा सोडवत असतो.

७:१५ (उरली २५ मिनिटं)
गडावरचा वाहनतळ. चहा, गरम कांदाभजी. भाचा सायकल उचलून कठड्याला लावतो, तेव्हा पुढचं चाक किंचित खडखडतं.

"मामा, कसला आवाज येतोय?"

"खाली उतरलो की बघू."

हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. सायकल पुढून उचलायची आणि चाकावर वरून मूठ मारायची, एवढंच करायचं होतं. चाक तसूभर हललं असतं आणि आम्हाला कळलं असतं.

७:३४ (उरली ६ मिनिटं)
"सायकल गाडीत टाकायची का?" मी विचारतो. तो हसतो. "मामा, एवढं चढलो ते उतारासाठीच ना!"

७:३९ (उरलं १ मिनिट)
उतारावर तो वळणागणिक ब्रेक दाबतोय. डिस्क ब्रेकचा कॅलिपर चिमट्याच्या डाव्या पायाला, मागच्या अंगाला असतो. त्यात चकती आवळली गेली की रेटा आसाला खाली ढकलतो, थेट खाचेच्या उघड्या तोंडाकडे. जेम्स ॲनन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने २००३ मध्ये हा धोका जाहीरपणे मांडला होता. खाचेच्या टोकाशी छोटे उंचवटे असतात, तो शेवटचा अडसर. नट फार सैल झाला की तोही उरत नाही.

७:४०
वळणाच्या तोंडाशी खड्डा. पुढचं चाक क्षणभर उचललं जातं, टेकतं, आणि तो ब्रेक दाबतो. चाक निसटून एकटंच कठड्याकडे घरंगळत जातं. चिमटा डांबरात रुततो. भाचा हँडलवरून पुढे फेकला जातो. मी धावतो तेव्हा रस्त्यावर दोन पांढरे ओरखडे दिसतात, हातभर लांब, आणि जिथे ते संपतात तिथे तो.

११:३०
हासळीचं हाड मोडलंय, पुढचे दोन दात गेलेत. हेल्मेटला कानापासून माथ्यापर्यंत तडा आहे, पण डोकं शाबूत आहे. आम्ही वाचलो.

सगळे वाचत नाहीत. २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने एकट्या अमेरिकेत सुमारे ९ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत मागवल्या. त्यांची लिव्हर सैल राहिली तर वाजवीपेक्षा जास्त उघडून पुढच्या ब्रेकच्या चकतीत अडकू शकत होती. अशा एका अपघातात स्वाराचे हातपाय कायमचे लुळे पडले. तुमच्याकडे डिस्क ब्रेकची जुनी सायकल असेल, तर लिव्हर पूर्ण उघडून ती आणि चकती यांच्यात पेन्सिल जाते का बघा. जात नसेल तर सायकल चालवू नका, आधी लिव्हर बदला.

आता बऱ्याच नव्या सायकलींत आस आरपार घालून आट्यांनी आवळतात, खाच उघडी नसते. पण क्विक रिलीजच्या सायकली आपल्याकडे भरपूर आहेत. विकणाऱ्याने लिव्हर कशी मिटवायची ते करून दाखवावं, घेणाऱ्याने त्याच्यासमोर स्वतः मिटवून बघावी. निघताना दर वेळी तपासा. सायकल बाहेर उभी होती, तर परत बसण्याआधीही तपासा. दहा सेकंद लागतात. लिव्हर मिटवा आणि तळहात बघा. वळ नसेल, तर ती उघडा, नट अर्धा फेरा आवळा आणि पुन्हा मिटवा.