राबाचा धूर

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "शेती आणि जंगलातून निघणारे, हवा तापवणारे वायू कमी करा, असं हल्ली सगळीकडे ऐकतो. हे खूळ नवंच ना?" शब्द नवे आहेत. पण 'जाळू नका, झाडं तोडू नका' असं सरकारने शेतकऱ्याला सांगण्याची गोष्ट आपल्याकडे सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे. आज ती ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातून बघू.

उन्हाळ्यात कर्जत-नेरळच्या बाजूला गेलात तर शेताच्या एका तुकड्यातून धूर निघताना दिसतो. हा राब. शेण, ऐनाची कवळं म्हणजे पाल्यासकट तोडलेल्या फांद्या, त्यावर पाचोळा-गवत आणि वरून थोडी माती, असे थर रचायचे आणि सावकाश जळेल अशा बेताने पेटवायचे. पाऊस आला की त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचं, रोप वाढलं की उपटून चिखलात लावायचं.

1878 साली जंगल कायदा आला. ज्या रानातून पिढ्यानपिढ्या कवळ आणायचं, तिथे एकदम परवानगी, हद्द, दंड! शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं: राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. जंगल अधिकाऱ्यांना मात्र त्यात निव्वळ नासधूस दिसत होती. ओरड इतकी वाढली की मुंबई सरकारला 1885 मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला आणि त्यात राबाची चर्चा आहेच.

मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. शेतकरी म्हणतो ते खरं का, हे शेवटी प्रयोग करून बघितलं गेलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर 1912 मध्ये राबावर सविस्तर निबंध छापला. नुसती राख टाकणं आणि जमीन भाजणं यात फरक आहे. उष्णतेने मातीतच बदल होतो. तण मरतं ते वेगळंच. म्हणजे ज्याला अडाणी म्हणून हिणवलं, त्याच्या कामाला कारण होतं.

आता हवेचा हिशेब. राबाच्या धुराने डोळे चुरचुरतात, त्यामुळे दोष पटकन त्याच्यावर जातो. ऐन तोडल्यावर पुन्हा फुटला, तर जळलेल्या पाल्यातला बराचसा कार्बन झाडात परत येतो. रान उजाड झालं तर येत नाही. पण भातशेतीतला मोठा वाटा दिसतच नाही. खाचरात पाणी साचलं की मातीत प्राणवायू उरत नाही, तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो बराचसा भाताच्या पोकळ ताटांतूनच वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण 27-28 पट तापवतो. धूर नाही, वास नाही, त्यामुळे त्याच्यावर कधी कमिशनही बसलं नाही!

उपाय म्हणून मधूनमधून खाचर सुकू द्या म्हणतात. कालव्याच्या भागात ते जमतं. कोकणात जुलैत वरच्या शेताचं पाणी बांधावरून खालच्या शेतात येतं. ते अडवायचं कुणी? शिवाय ओल-सुकी होत राहिली की खतातल्या नत्राचा नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो, आणि तो तर मिथेनपेक्षाही कितीतरी जहाल.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रात दुसरी वाट आहे. कायमचे गादीवाफे, त्यावर थेट टोकणी. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कंबर मोडणारं काम वाचतं, आणि लावणीला वाकणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, हे विसरू नका. पण नांगरणी बंद केल्यावर तण आवरायला तणनाशक लागतं. बांधावरची भाजी, खाचरातले खेकडे-मासे खाणाऱ्या घराला विचारा, हा सौदा कसा वाटतो. मला तरी तो सोपा वाटत नाही. प्रश्नोत्तरात यावर कुणी भातशेती करणारे असतील तर त्यांनी आधी बोलावं.