काचेआडचा रोगी

शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूला एके सकाळी एक इवलासा मासा सापडला. मोठे मासे लहानांना गिळतात, तेव्हा माझे रक्षण कर, अशी त्याने विनवणी केली. मनूने त्याला प्रथम घटात ठेवले, वाढल्यावर खड्ड्यात आणि अखेर समुद्रात सोडले. पुढे प्रलयात त्याच माशाने मनूची नौका तारली. ही कथा आपण प्रलयाची म्हणून ऐकतो. परंतु संकटात सापडलेल्या माशाला घरी वेगळ्या भांड्यात ठेवून जगविण्याचीही ती कथा आहे, हे माझ्या ध्यानी आले ते एका घरगुती अपघातामुळे.

आमच्या घरी काचेच्या टाकीत एक सोनमासा आहे. एका रविवारी टाकी साफ करताना माझ्या हातून दगड निसटला आणि नेमका त्याच्यावर पडला. एका कुशीचे खवले निघाले, पर फाटला आणि तो तळाशी कलंडून राहिला. आमच्या मातोश्रींनी सवयीने हळदीची पूड पुढे केली. मुलीने मात्र विचारले, "बाबा, माशांना डॉक्टर नसतो का?" त्या प्रश्नाने मला ग्रंथांकडे वळविले.

मुक्या जिवांच्या वैद्यकाची आपली परंपरा मोठी आहे. घोड्यांसाठी शालिहोत्राचे शास्त्र, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, इतकेच काय, वृक्षांसाठीही सुरपालाचा वृक्षायुर्वेद. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लास ग्रंथात माशांच्या जाती आणि गळाला लावावयाची आमिषे यांचे बारकाईने वर्णन आहे. परंतु तेथे मासा हा राजाच्या मनोविनोदाचा विषय आहे, वैद्याच्या चिंतेचा नव्हे. याचे नवल वाटावयास नको. घोडा लंगडला की दिसतो, हत्तीचा चीत्कार ऐकू येतो, झाडाचे पान सुकलेले कळते. मासा पाण्याखाली मुकाट्याने मरतो.

माशाला घरात मानाचे स्थान दिले ते चीनने. सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून तेथे सोनमासे पाळले जात आणि १५९६ मध्ये झांग छिएन्ते याने त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पण हे मासे असत मातीच्या रांजणांत, म्हणजे वरून पाहावयाचे. पाठीचा डौल आणि शेपटीचा पिसारा दिसे. कुशीवरची जखम सहसा दृष्टीस पडत नसे. रोगी आणि त्याची शुश्रूषा करणारा यांची समोरासमोर भेट घडविली ती काचेने.

परंतु काचेत ठेवलेला मासा जगावा कसा? या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन याने शोधले. औषधे बनविणाऱ्या अपोथेकरीज संस्थेचा तो रसायनज्ञ. १८४९ मध्ये त्याने बारा गॅलनांच्या पात्रात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू पुरवील आणि मासे सुखाने राहतील, हा त्याचा हिशेब. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी ती कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने ॲक्वेरियम हा शब्द घरोघर नेला.

वॉरिंग्टनने माशाला औषध दिले नाही; त्याने पाणी सुधारले. माशांच्या वैद्यकाचे मर्म येथेच आहे. मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. बंद टाकीत तो साचला तर मासा स्वतःच्याच विषाने मरतो. पाण्यातील सूक्ष्म जंतू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर निरुपद्रवी म्हणता येईल अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. असे जंतू विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये वेगळे करून दाखविले. म्युनिकच्या ब्रूनो होफर याने १९०४ मध्ये मत्स्यरोगांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि या विषयाला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली. जखमेवर कापसासारखी उगवणारी बुरशी हटविण्यासाठी कापड रंगविण्याचे रंग पुढे आले. त्यांपैकी मॅलाकाइट ग्रीनचा उपयोग १९३६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे विषारी अवशेष माशाच्या मांसात राहतात असे आढळल्यावर, खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांनी त्यावर बंदी घातली.

सर्वांत साधे औषध मात्र आपल्या स्वयंपाकघरातच असते. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारे असते. कातडी फाटली की जखमेतून पाणी आत शिरते आणि क्षार बाहेर जातात. ते पाणी उपसून टाकण्यात जखमी जिवाची शक्ती खर्ची पडते. पाण्यात थोडे मीठ घातले की हा भार हलका होतो आणि बुरशीलाही आळा बसतो.

आम्ही तेच केले. हळद डब्यात परत गेली. तांब्या-पितळेचे घंगाळ वर्ज्य, कारण पाण्यात उतरणारे तांबे माशाला विषासमान. प्लास्टिकच्या टबात निम्मे टाकीतले पाणी आणि निम्मे आदल्या दिवशी भरून ठेवलेले, म्हणजे क्लोरीन उडून गेलेले, पाणी घेतले. दर लिटरला दोन ग्रॅम खडेमीठ घातले, हवेची नळी सोडली आणि वरून फडके टाकले. दोन दिवस अन्न दिले नाही. रोज तिसरा हिस्सा पाणी तितकेच मीठ घालून बदलले. मुलगी रात्री उठून फडके वर करून पाही. सहाव्या दिवशी तो सरळ पोहू लागला.

श्रोते हो, एवढ्याशा जिवासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. माशाला वेदना होतात का, हा वाद जुना आहे. २००३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या मुखाभोवती इजेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंची टोके दाखविली, आणि माशाला काही कळत नाही असे ठामपणे म्हणणे अवघड झाले. २०१४ मध्ये मेलबर्न येथे एका सोनमाशाच्या डोक्यावरील गाठ शस्त्रक्रियेने काढली. गुंगी आणणारे पाणी, गुंगी टिकविणारे पाणी आणि शुद्धीवर आणणारे पाणी अशी तीन पात्रे त्यासाठी मांडली होती. तेथेही वैद्याचे अर्धे काम पाण्यानेच केले.

आमच्या माशाच्या कुशीवर नवे खवले आले, पण ते पांढरट आले. तेथील सोने गेले ते गेलेच. टाकीजवळून जाताना तो डाग मला दिसतो. मनूच्या माशाने विनवणी केली होती. आमच्या माशाला ती करता आली नाही. म्हणूनच आता टाकीत हात घालण्यापूर्वी मी दगड आधी बाहेर काढून ठेवतो.