बघे आणि साक्षीदार

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात १९८७ साली सुनावणीला आलेल्या जमिनीच्या एका दाव्यात मेरी जॉन्सन या वयोवृद्ध बाई साक्षीला उभ्या राहिल्या. गित्क्सान लोकांतल्या एका कुळाच्या त्या प्रमुख. अँटगुलिलिबिक्स हे त्यांचे मानाचे नाव. गित्क्सान आणि त्यांचे शेजारी वेट्सुवेटन यांनी सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर मुलखावर हक्क सांगितला होता. आपल्या कुळाचा इतिहास सांगताना त्यातले एक शोकगीत म्हणून दाखवणे जॉन्सनबाईंना भाग होते. न्यायाधीश ॲलन मॅकईकर्न यांना ते रुचेना. शब्द लिहून दिले तर चालणार नाही का, असे त्यांनी विचारले. हा खटला आहे, कार्यक्रम नव्हे, असे सुनावले. आपल्याला गाण्याचा कान नाही, तेव्हा गाऊन उपयोग नाही, असेही सांगितले. बाईंनी तरीही गाणे म्हटले. या प्रसंगात न्यायाधीशांचा उद्धटपणा शोधत बसण्यात अर्थ नाही. ते प्रामाणिकपणे गोंधळले होते. गोंधळाचे मूळ त्यांच्याच वाक्यात आहे. खटला वेगळा आणि कार्यक्रम वेगळा, पुरावा वेगळा आणि गाणे वेगळे, ही वाटणी त्यांनी जगाच्या पाठीवर सगळीकडे आहे असे धरले होते. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ती कधीच नव्हती. तिथल्या प्रयोगकलेचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी ही वाटणी सोडावी लागते.

या किनाऱ्यावरच्या क्वाक्वाक्यवाक्व लोकांचा पॉटलॅच हा समारंभ अशी वाटणी नसण्याचे ठसठशीत उदाहरण. कुणाला नाव द्यायचे असेल, लग्न असेल, घरातला प्रमुख गेला असेल, तर यजमान कुटुंब दूरदूरच्या गावांना बोलावते. मोठ्या लाकडी घरात दिवसचे दिवस भाषणे, गाणी आणि मुखवट्यांचे नाच चालतात. वरवर पाहणाऱ्याला हा नुसता थाटमाट वाटेल. पण यातली कुठलीही गोष्ट कुणीही उचलून करू शकत नाही. हे गाणे या घराचे, हा मुखवटा त्या घराचा, हा नाच लग्नात मुलीबरोबर जावयाच्या घरी आलेला. नाचून दाखवणे म्हणजे हक्क जाहीर करणे. मग येते वाटप. आहेर इथे यजमान देतो, तोही पाहुण्याच्या मानाप्रमाणे. तो घेणारा पाहुणा त्याबरोबर एक काम पत्करतो: जे पाहिले, ऐकले ते लक्षात ठेवायचे आणि पुढे कधी वाद उभा राहिला तर सांगायचे. जमलेल्यांत प्रतिस्पर्धी घराणीही असतात. खोटा दावा झाला तर हरकत घ्यायची जागा तीच. आहेर स्वीकारून गप्प बसणे म्हणजे मान्यता देणे. समारंभात मिरवले जाणारे ढालीच्या आकाराचे तांब्याचे पत्रे या व्यवहाराची खूण. आपल्याकडे ताम्रपट म्हटला की कोरीव अक्षरे आठवतात. या पत्र्याला मात्र स्वतःचे नाव असते, किंमत असते, आणि तो कुणाकडून कुणाकडे गेला याचा इतिहास लोकांच्या तोंडी असतो. दस्तऐवज आहे, फक्त तो कागदावर नाही.

बाहेरच्या अभ्यासकांना हे उशिरा उमगले. रूथ बेनेडिक्ट यांनी १९३४ साली आपल्या गाजलेल्या पुस्तकात या समाजाच्या मानपानाला जवळपास मनोविकाराच्या रांगेत बसवले. फ्रान्झ बोआस यांचे काम कितीतरी खोल, आणि त्यांनी पॉटलॅचवरच्या सरकारी बंदीला विरोधही केला. पण त्यांच्या संग्रहातला फार मोठा भाग जॉर्ज हंट यांनी जमवला, लिहून काढला. हंट यांची आई त्लिंगिट, वडील इंग्रज, आणि ते वाढले क्वाक्वाक्यवाक्व लोकांत. कोणते गाणे कोणाचे हे विचारल्याशिवाय गाणे नोंदवण्यात अर्थ नाही, ही जाण तिथल्या लोकांकडून आलेली होती.

गंमत अशी की प्रयोगाची ताकद अभ्यासकांआधी कायद्याने ओळखली. कॅनडाच्या संसदेने १८८४ साली इंडियन कायद्यात दुरुस्ती करून पॉटलॅच हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला. उधळपट्टी आणि रानटीपणा ही कारणे पुढे केली गेली. तरीही समारंभ चोरून चालू राहिले. डिसेंबर १९२१ मध्ये व्हिलेज आयलंड या बेटावर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. वाटपात मोटरबोटी होत्या, शिलाई यंत्रे होती, ग्रामोफोन होते, पिठाची पोती होती, बिलियर्डची टेबलेसुद्धा होती. म्हणजे ‘जुनाट’ म्हटली गेलेली प्रथा बाजारातल्या नव्या मालाला सहज पोटात घेत होती. सरकारचे इंडियन एजंट विल्यम हॅलिडे यांनी ४५ जणांवर खटले भरले. त्यांतल्या आरोपांचे स्वरूप बघण्यासारखे आहे: भाषण केले, नाचले, भेटवस्तू मांडल्या, त्या पाहुण्यांपर्यंत नेऊन दिल्या. गावांनी आपले मुखवटे, तांबे आणि इतर साहित्य सरकारजमा केले तर शिक्षा टळेल, असा सौदा पुढे आला. काहींनी तो पत्करला. वीसएक जण ओकाला तुरुंगात गेले. पुढे १९२७ साली जमिनीच्या दाव्यांसाठी मूळनिवासींनी पैसा गोळा करण्यावरही बंदी आली. एका कलमाने हक्क नाचून सांगता येईना, दुसऱ्याने कोर्टात मांडता येईना. दोन्ही कलमे गेली ती १९५१ साली.

गाण्याला पुरावा मानण्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: स्मृती बदलते, गाणे पिढीगणिक सरकते, मग त्याला पुरावा कसे म्हणायचे? स्मृती बदलते हे खरेच. म्हणून तर शेकडो माणसांना आहेर देऊन साक्षीला बसवायचे. एकट्याच्या आठवणीवर हा समाज कधी विसंबला नाही. शिवाय कागद तटस्थ असतो हे कुणी सांगितले? मॅकईकर्न यांनी गित्क्सानांच्या दाव्याच्या १९९१ च्या निकालात मौखिक इतिहासाला फारसे वजन दिले नाही. मात्र वादींच्या पूर्वजांचे जीवन कसे होते हे सांगताना सतराव्या शतकातल्या हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याच्या शब्दांचा आधार घेतला. हॉब्ज यांनी तो मुलूख पाहिलेलाही नव्हता. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘त्यांची ज्ञानपद्धती’ म्हटले की सगळेच खरे मानायचे का? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने याच दाव्यात ११ डिसेंबर १९९७ रोजी दिलेला निकाल इथे उपयोगी पडतो. मौखिक इतिहासाला लिखित कागदपत्रांच्या बरोबरीचे स्थान द्या, असे त्याने सांगितले. डोळे मिटून विश्वास ठेवा, असे नव्हे. जमीनही त्याने वादींच्या नावावर केली नाही, फेरसुनावणी सांगितली. गाणे तपासायला हवेच, पण तपासायचे तर आधी ते ऐकायला हवे. तिसरा आक्षेप असा की यातून जुन्या समाजाचे उदात्तीकरण होते. पॉटलॅचमागे उच्चनीचता होती, एके काळी गुलामही होते. ख्रिस्ती झालेल्या काही मूळनिवासींनी बंदीला पाठिंबा दिला होता. हे झाकायचे कारण नाही. कागदी दफ्तरेही राजांनी आपल्या सोयीने राखली, म्हणून आपण ती जाळत नाही. कोणी, कशासाठी राखली हे विचारून वाचतो. गाण्यालाही हाच न्याय लावायचा.

प्रश्न उरतो अभ्यासकाने कुठे बसायचे याचा. स्टोलो समाजातले अभ्यासक डिलन रॉबिन्सन यांनी २०२० च्या आपल्या पुस्तकात गोऱ्या वसाहतकारांच्या ऐकण्याला ‘भुकेले ऐकणे’ म्हटले आहे. १८५८ च्या सोन्याच्या धावपळीत आलेल्या उपाशी माणसांना स्टोलोंच्या भाषेत जो शब्द पडला, तो पुढे गोऱ्यांसाठीच रूढ झाला. त्यावरून हे नाव. भुकेला कान गाण्यातून हवे तेवढे उचलतो: शब्द, चाल, माहिती. जप्त साहित्याचे हेच झाले. हॅलिडे यांनी ते अलर्ट बे गावात चर्चच्या सभागृहात मांडून तिकीट लावले. काही वस्तू न्यूयॉर्कचे संग्राहक जॉर्ज हाय यांना विकल्या गेल्या, बाकीच्या संग्रहालयांत गेल्या. मोठ्या झगड्यानंतर त्यांतला बराच भाग परत आला, आणि १९८० साली अलर्ट बेला उमिस्टा हे केंद्र उघडले. लढाईत पळवून नेलेले माणूस घरी परतले की त्याला उमिस्टा मिळाली, असे म्हणत. मुखवटे तिथे काचेआड न ठेवता, समारंभात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने मांडले. पॉटलॅचच्या घराच्या हिशेबाने पाहिले तर संग्रहालये आणि विद्यापीठे हे विचित्र पाहुणे ठरतात. मुखवटे त्यांनी नेले, गाणी उतरवून घेतली, त्यांवर ग्रंथ रचले, पदव्या मिळवल्या. वस्तू घेणाऱ्याने साक्ष द्यायची असते, हा तिथला साधा रिवाज. १९८७ साली कोर्टात म्हातारीला स्वतः गावे लागले, कारण शंभर वर्षे घेत आलेल्यांपैकी फार थोडे तिच्या बाजूने सांगायला उठले होते.