दूरछायाचित्रणांतील स्थिरतेचा शोध

दूरची वस्तु जवळ दिसावी, ही मनुष्याची जुनी हौस दुर्बिणीनें पुरविली. परंतु तें दृश्य साध्या कॅमेऱ्यांत टिपणारें आटोपशीर भिंग व्यवहारांत यावयास १८९१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं लंडनचे टॉमस डॅलमायर, बर्लिनचे अडोल्फ मीटे व म्युनिचचे स्टाइनहाइल या तिघांनीं परस्परांपासून स्वतंत्रपणें अशीं भिंगें सिद्ध केलीं. पुढें बहिर्गोल व मागें अंतर्गोल कांचा, हीच त्यांतील युक्ति. तिच्यामुळें लांब नाभ्यंतराचें काम आंखूड नळींत भागूं लागलें.

मात्र प्रतिमा चौपट केली कीं तोच प्रकाश सोळापट जागेवर पसरे. म्हणून तो कांचेवर पाडण्याचा अवधिही सोळापट लागे. शिवाय प्रतिमेबरोबर कंपही चौपट होई. परिणामीं भक्कम तिपाईवरून पर्वत व इमारती साधल्या. उडता पक्षी हुकला.

पुढें शीघ्र फिल्म निघाली आणि कॅमेरा हातीं धरणारांत एक अडाखा रूढ झाला : ३५ मिलिमीटर फिल्मवर ४०० मिलिमीटरच्या भिंगास सेकंदाच्या ४०० व्या भागाहून अधिक अवधि देऊं नये. १९५९ मध्यें ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठीं ‘झूमार’ हें नाभ्यंतर बदलणारें भिंग आलें. त्याची मर्यादा ८२ मिलिमीटरच होती. १९९५ मध्यें कॅनननें ७५ ते ३०० मिलिमीटरच्या झूममध्यें कंप ओळखून कांचच उलट सरकविणारी योजना बसविली.

या योजनेनें हाताचा कंप आवरला. पण पक्ष्याच्या पंखांची हालचाल कोणतीच कांच थांबवूं शकत नाहीं. तिच्यासाठीं आजही अल्प अवधि व भरपूर प्रकाशच लागतो.