ड्रायव्हर पोर्टिंग आणि कर्नल क्रॅश

ड्रायव्हर पोर्टिंग : जुन्या कर्नलसाठी लिहिलेला हार्डवेअर ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालेल असा बदलणे. या नोंदीत लिनक्सवरील पोर्टिंग आणि त्यात उद्भवणारा क्रॅश शोधण्याच्या पद्धती दिल्या आहेत. ड्रायव्हर कर्नलच्याच स्मृतिक्षेत्रात चालतो. त्यामुळे साध्या प्रोग्रॅममधील चुकीने तो एकटा प्रोग्रॅम बंद पडतो, तर ड्रायव्हरमधील चुकीने सगळे यंत्र कोसळू शकते.

गरज : कार्ड आणि उपकरणे दहा-पंधरा वर्षे टिकतात; कर्नलचा आधार त्याआधीच संपतो. ३.१० कर्नलवर आधारलेल्या सेंटओएस ७ ला मिळणारी दुरुस्ती ३० जून २०२४ रोजी थांबली आणि अनेक प्रयोगशाळा व कारखान्यांना जुन्या कार्डांसह पुढच्या आवृत्तीवर जावे लागले. लिनक्समध्ये प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातील सीमा जपली जाते. कर्नलच्या आतील फंक्शने मात्र तशीच राहतील अशी हमी दिली जात नाही. मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट असलेले ड्रायव्हर आतील बदल करणाऱ्यांकडूनच सुधारले जातात. बाहेर ठेवलेल्या ड्रायव्हरचा भार त्याच्या मालकावर पडतो.

पुणे जिल्ह्यातील संदर्भ : जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यासाठी बांधलेल्या सॉफ्टवेअर बॅकएंडचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बाजारात मिळणारी पीसीआय एडीसी कार्डे आणि ४८ नोडचा लिनक्स क्लस्टर वापरला होता. पुढे सुधारित दुर्बिणीसाठी एफपीजीए आणि जीपीयू यांवर आधारलेली प्रणाली आली. पीसीआय कार्डांच्या रचनेत अँटेनांचे संकेत क्लस्टरपर्यंत पोहोचतात ते कार्डाच्या ड्रायव्हरमार्फतच, म्हणून कर्नल बदलायचा झाला की आधी ड्रायव्हरचा विचार करावा लागतो. मुळशी तालुक्यातील हिंजवडीत एमआयडीसीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. वाहनांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या केपीआयटी या कंपनीचे मुख्यालय तेथेच आहे. वाहनातील नियंत्रकांचे आयुष्यही कर्नलच्या एका आवृत्तीहून मोठे असते.

बदलांचे दोन प्रकार : पहिला प्रकार कंपायलर पकडतो. कर्नल ५.० मध्ये ‘ॲक्सेस ओके’ चा एक आर्ग्युमेंट गेला, ५.६ मध्ये ‘आयओरीमॅप नोकॅश’ काढले गेले, ५.१८ मध्ये जुनी पीसीआय-डीएमए फंक्शने गेली, ६.४ मध्ये ‘क्लास क्रिएट’ चे रूप बदलले. येथे बिल्ड थांबते आणि दुरुस्ती बहुधा यांत्रिक असते.

दुसरा प्रकार बिल्डमध्ये दिसत नाही आणि क्रॅश त्यातूनच येतात. ४.१५ पासून टायमरच्या कॉलबॅकला ड्रायव्हरने दिलेला आकडा न मिळता टायमरचाच पत्ता मिळतो. कास्ट लावून कंपायलरला गप्प केले, तर ड्रायव्हर त्या पत्त्यालाच आपले स्ट्रक्चर समजतो आणि भलतीच स्मृती वाचतो. ४.९ मध्ये ६४-बिट एक्स८६ यंत्रांवर कर्नलचा स्टॅक व्हीमॅलॉक क्षेत्रातून देण्याची सोय आली. स्टॅकवरचा बफर डीएमएला (उपकरणाने स्मृतीत थेट वाचणे-लिहिणे) देणारे ड्रायव्हर तोवर निभावून नेत होते. ते या बदलानंतर अडचणीत आले. वापरकर्त्याचा पॉइंटर थेट वाचणारा कोडही असाच: एसएमएपी (वापरकर्त्याच्या स्मृतीला कर्नलने थेट हात लावणे अडवणारी सोय) असलेल्या प्रोसेसरवर त्याला तत्काळ फॉल्ट मिळतो. या शेवटच्या दोन चुका नव्या कर्नलने निर्माण केलेल्या नाहीत. आधीपासूनच होत्या, त्या तेव्हा खपून जात.

ऊप्स वाचणे : कोसळताना कर्नल जो अहवाल छापतो त्याला ऊप्स म्हणतात. त्यातील पत्ता पहिला सुगावा देतो. शून्याजवळचा लहानसा पत्ता असेल तर बहुधा स्ट्रक्चरचा पॉइंटर शून्य होता आणि तो आकडा त्यातील फील्डचे अंतर आहे. रजिस्टरमध्ये ‘६बी’ हा बाइट ओळीने दिसला, तर मोकळी केलेली स्मृती वापरात आहे. मात्र हा ठसा स्लॅबची पॉयझनिंग चालू असेल तेव्हाच उमटतो. ६४-बिट यंत्रावर ‘डीईएडी’ ने सुरू होणारा पत्ता यादीतून काढलेल्या घटकाकडे बोट दाखवतो. आरआयपीच्या ओळीत फंक्शनचे नाव, त्यातील ऑफसेट आणि फंक्शनची एकूण लांबी असते. डीबग माहितीसह बांधलेले तेच मॉड्यूल हाती असेल, तर त्या ऑफसेटवरून सोर्समधील ओळ काढता येते. ती ओळ फुटण्याची जागा सांगते. कारण बहुतेकदा आधीच्या प्रोब, इंटरप्ट किंवा रिमूव्ह फंक्शनमध्ये असते.

साधने : यंत्र गोठले तर पडद्यावरचा मजकूर हाती लागत नाही. म्हणून सीरियल कन्सोल, नेटकन्सोल किंवा केडंप आधीच लावून ठेवतात. ४.० मध्ये आलेले केएसॅन मर्यादेबाहेरचा वापर आणि मोकळ्या स्मृतीचा वापर गुन्हा घडताक्षणी पकडते. लॉकडेप लॉकचा चुकीचा क्रम दाखवते, डीएमए-एपीआय डीबग चुकीचे मॅपिंग नोंदवते आणि एफट्रेसने फंक्शनांचा क्रम पाहता येतो. केएसॅनने यंत्र बरेच मंदावते. वेळेवर अवलंबून असलेला दोष त्यामुळे लपूही शकतो.

पद्धत : ३.१० वरून थेट ६.६ वर उडी न घेता ४.१९, ५.४, ५.१०, ५.१५, ६.१ अशा दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांवर थांबत जाणे सोयीचे. प्रत्येक मुक्कामी लोड, अनलोड, इंटरप्टचा भार आणि डीएमए तपासतात. क्रॅश ज्या दोन मुक्कामांमध्ये प्रथम दिसतो, त्यांच्यामधील कर्नल गिट बायसेक्टने अर्धे करत गेले की जबाबदार बदल सापडतो. वितरकांच्या कर्नलमध्ये आवृत्तीच्या आकड्यावर विसंबता येत नाही. रेड हॅटच्या ३.१० मध्ये पुढच्या कर्नलमधून आणलेले कितीतरी बदल आहेत, त्यामुळे आकडा पाहून कोडच्या फांद्या निवडणाऱ्या अटी तेथे फसतात.

दुरुस्तीची कसोटी : शून्य पॉइंटरपुढे एक ‘इफ’ घातला की ऊप्स थांबतो, पण पॉइंटर शून्य का झाला हे उलगडत नाही. डीएमए चालू असताना ड्रायव्हर काढला, इंटरप्ट नोंदवताना स्ट्रक्चर अपुरे होते, टायमर थांबवण्याआधी स्मृती सोडली, अशा एका वाक्यात कारण मांडता आले आणि ४.० किंवा त्यापुढच्या एखाद्या जुन्या कर्नलवरही केएसॅन लावून तो दोष दाखवता आला, तर पोर्टिंग पुरे झाले असे मानता येते.